पहिल्या मेजवानीचा मासा

मेव्हण्यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी धाकटा दारातच छातीभर श्वास घेई आणि आत गेल्यावर तो शक्य तितका पुरवून वापरी. खोली घाणेरडी आहे असं कुणी म्हटलं नसतं. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, पडदे धुतलेले, फरशी लख्ख पुसलेली. ते सगळं ताई करायची. पण मेजाला हात लावायची तिला मनाई होती, आणि मेव्हण्यांचं खरं राज्य होतं ते त्या मेजावरच. खोडरबराचा काळा चुरा, त्यात मिसळलेला डोक्यातला कोंडा, चावून चावून टोकं भुसभुशीत केलेल्या पेन्सिली, आणि चहावरची साय, जी मेव्हणे बोटाने ओढून बशीच्या काठाला चिकटवून ठेवत. ती तिथे वाळून पिवळी पडे. मग समोर कोण बसलंय याची पर्वा न करता, बोलता बोलता, ते ती नखाने खरवडून काढत आणि तोंडात टाकत.

धाकटा आता काही धाकटा उरला नव्हता. ग्रंथालयातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते. पण ताईचा धाकटा भाऊ हीच त्याची ओळख राहिली आणि घरात त्याला कुणी दुसरं नाव ठेवलं नाही. मेव्हण्यांनी मात्र ठेवलं होतं. सतत पुस्तकात डोकं घालून बसतो म्हणून ते त्याला किडोबा म्हणत. हे नाव त्यांनी त्याला तो कॉलेजात असताना दिलं, जेव्हा तो शिकायला म्हणून ताईच्या घरी राहायला आला होता, आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची म्हणजे आधी आपलं म्हणणं बरोबर आहे याची खात्री हवी. धाकट्याला स्वतःच्या वाढदिवसाच्या तारखेचीसुद्धा पुरती खात्री वाटत नसे.

मेव्हणे एका साप्ताहिकात शब्दकोडं देत. वाचक त्यांना कोडेमास्तर म्हणत, आणि रस्त्यात कुणी तशी हाक मारली की मेव्हणे पुढची गल्ली संपेपर्यंत छाती काढून चालत. फार पूर्वी एकदा त्यांचं एक कोडं न तपासता छापलं गेलं होतं. एक काळी चौकट भलत्याच जागी पडली आणि निम्मे शब्द लटकत राहिले. वाचकांनी आठवडाभर फोन करून त्यांना सळो की पळो करून सोडलं. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला आणि एक पद्धत पाडली. प्रत्येक कोडं आधी धाकट्याने कोऱ्या चौकटींत सोडवायचं. आडव्या-उभ्या अक्षरांचा आधार न घेता शब्द सुटला तर त्याच्या आकड्याशेजारी टिंब द्यायचं, आधार लागला तर फुली मारायची, आणि सगळं झालं की कागदाच्या तळाशी लिहायचं, 'सुटलं'. तो एक शब्द धाकट्याच्या हातचा असल्याशिवाय कोडं घराबाहेर पडत नसे. एवढ्या वर्षांत धाकट्याच्या हातात असलेली सत्ता म्हणायची तर ती एवढीच, आणि तीही त्याने कधी वापरली नव्हती.

सोडवायचं ते मेव्हण्यांच्या समोर बसून. पेन्सिल कुठे अडखळते ते कोडेकाराला दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. खरं तर पेन्सिल कुठे अडखळते यापेक्षा धाकटा कुठे हसतो याकडेच त्यांचं लक्ष असे.

त्या दिवशीचं कोडं साप्ताहिकासाठी नव्हतं. ताई आणि मेव्हण्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. भाच्याने हॉल घेतला होता, नातेवाईक, शेजारी, मेव्हण्यांचे जुने सहकारी असं सगळं गाव गोळा होणार होतं, आणि कार्यक्रमाचा मुख्य भाग म्हणून मेव्हण्यांनी एक खास कोडं रचलं होतं. सगळे शब्द एकाच विषयाचे. विषय होता 'आमच्या बाईसाहेब'. भिंतीएवढ्या पांढऱ्या फलकावर चौकटी आखायच्या, मेव्हणे माइकवरून सूचक वाक्य वाचणार, पाहुणे ओरडून उत्तर देणार, आणि बाईसाहेबांनी, म्हणजे ताईने, स्वतःच्या हाताने चौकटींत अक्षरं भरायची.

हे धाकट्याला ताईनेच सांगितलं, बोळात, चपला काढता काढता. ती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली होती. मेव्हण्यांच्या खोलीच्या दाराकडे तिने एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाळ, त्यात तो मासा आहे का, तेवढं मला सांगशील?"

धाकट्याने चपला भिंतीला नीट लावल्या. कोडं छापून होईपर्यंत त्यातलं अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्या घरातला आणखी एक नियम होता.

"बाकी काही असू दे," ताई म्हणाली. "बाकीचं मी हसून नेईन. पण ते माझ्या हाताने लिहायला लावलं ना, तर मला तिथेच होईल."

काय होईल ते तिने सांगितलं नाही आणि धाकट्याला विचारायची गरज नव्हती. तो श्वास भरून आत गेला.

मेव्हणे खुशीत होते. त्यांनी त्याला समोर बसवलं, कागद सरकवला, आपल्या तोंडातली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. ती ओलसर होती. धाकट्याने ती रुमालाने पुसावी की न पुसावी याचा विचार केला आणि तशीच धरली, चिमटीत, मेलेलं झुरळ उचलावं तशी.

पहिलं आडवं सोपं होतं. साखरेच्या डब्यातून निघालेला चमत्कार, दोन अक्षरी. मीठ. ताईने एकदा घाईत डब्यांची अदलाबदल केली होती आणि मेव्हण्यांच्या साहेबांच्या चहात मीठ पडलं होतं. बरं, असं कुणाच्या घरी होत नाही? पण इथे ते प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी वाढलं जाई. धाकट्याने टिंब दिलं.

पाहुण्यांबरोबर येते आणि पाहुण्यांबरोबर जाते, तीन अक्षरी. उचकी. चारचौघांत बोलायची वेळ आली की ताईला उचकी लागायची. मेव्हणे लिलाव पुकारल्यासारखे एक हात वर करून म्हणत, "आता येईल बघा, आली, आली." आणि ती आली की तिच्या मानेला बसणारा हिसका हुबेहूब करून दाखवत. लोक पोट धरून हसत. ताई तोंडाला पदर लावून आत जाई, आणि आतून उचक्यांचा आवाज येत राही, ज्यावर आणखी हशा. टिंब.

मग नोकरी. बाईसाहेबांनी आठवड्यात सोडलेली, तीन अक्षरी. धाकट्याची पेन्सिल 'नो'वर थोडी रेंगाळली. ताईला एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम मिळालं होतं. सकाळी लवकर उठून ती सगळ्यांचं करून जायची आणि परत आली की तिच्या अंगाला औषधांचा स्वच्छ वास यायचा. तिने त्या आठवड्यात धाकट्याला किती गमती सांगितल्या होत्या. मग एका दुपारी मेव्हणे दवाखान्यात गेले, डॉक्टरांशी हसतखेळत गप्पा मारल्या, आमच्याकडे माणसं उपाशी राहायला लागली हो, असं म्हणाले, आणि तिचा जेवणाचा डबा स्वतःच्या हाताने उचलून तिला घेऊन घरी आले. डबा अर्धा भरलेला होता. संध्याकाळी त्यांनी तो उघडून बसून खाल्ला, बोटं चाटत, तिच्यासमोर. धाकटा शेजारच्या खोलीत अभ्यास करत होता आणि त्याला ते चाटण्याचे आवाज ऐकू येत होते. अजूनही आले.

परीक्षा. दोनदा बसूनही हुकलेली. पहिल्यांदा ती आजारी पडली. दुसऱ्यांदा पेपरच्या आदल्या दिवशी मेव्हण्यांनी मुक्कामाला पाहुणे बोलावले होते, सहकुटुंब.

पसारा. बाईसाहेबांच्या कपाटाचं दुसरं नाव.

प्रत्येक शब्दाला टिंब पडत होतं. धाकट्याच्या लक्षात आलं की त्याला अजून एकाही अक्षराचा आधार लागलेला नाही. सूचक वाक्य अर्धं वाचलं की उत्तर पुढ्यात उभं राहत होतं, नको असताना, दारात उभ्या राहणाऱ्या भिकमाग्या नातेवाइकासारखं. त्याला स्वतःच्या स्मरणशक्तीचीच शिसारी आली. एवढं सगळं आपल्या डोक्यात साठून होतं आणि आपण त्याच डोक्याने पुस्तकांना क्रमांक घालत राहिलो.

आणि मग डावीकडे खाली त्याला ते दिसलं. नव्या नवरीने पहिल्या मेजवानीत पाहुण्यांना वाढलेला खास पदार्थ, तीन अक्षरी.

मेव्हणे पुढे झुकले. इथे तो हसणार, अशी त्यांची अटकळ होती. त्यांच्या तोंडाला सायीचा आंबूस वास येत होता.

ताईचं लग्न होऊन महिना झाला असेल. मेव्हण्यांनी कचेरीतले चार मित्र जेवायला बोलावले आणि मासा स्वतः जाऊन आणला. आणला तो सकाळी, पण घरी पोहोचला दुपारी. मधल्या वेळात तो सायकलच्या दांड्याला लटकून, पिशवीत, उन्हात, मित्रांच्या दारोदार गप्पा ऐकत फिरला. ताईने पिशवी उघडली तेव्हा धाकटा तिच्या शेजारी उभा होता. माशाचे डोळे आत गेले होते. कल्ल्यांचा रंग गंजासारखा झाला होता. तिने पाठीवर बोट दाबलं आणि पडलेला खड्डा तसाच राहिला, भरून आला नाही. तिने तो खड्डा मेव्हण्यांना नेऊन दाखवला. हा नासलाय, हा मी करणार नाही, असं ती म्हणाली. त्या घरातलं तिचं ते पहिलंच 'नाही' होतं. मेव्हणे म्हणाले की आपली पारख कधी चुकत नाही, मसाला जास्त घाल.

तिने केला. ताटं मांडली. एका मित्राने घास उचलला आणि नाकाजवळ नेऊन थांबला. मेव्हण्यांनी ते पाहिलं. हसत हसत त्यांनी ताईला हाक मारली, आपल्याशेजारी बसवली आणि आधी बाईसाहेब खाऊन दाखवतील असं जाहीर केलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भुवया उंचावल्या, तोंडावर हसू तसंच. तिने खाल्लं. एक आख्खा तुकडा, काटे बाजूला काढत, न थांबता. तो संपला तेव्हा त्यांनी तिच्या ताटात दुसरा घातला.

बादली धाकट्याने आणली. ती त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि त्यात काय पडतंय ते त्याला बघावं लागत होतं, कारण मान फिरवली असती तर बादली हलली असती. तिच्या डोक्यावरून मेव्हण्यांचा आवाज येत होता. ते मित्रांना सांगत होते की हिच्या हातचं पहिलं जेवण बघा, हिचं हिलाच पचलं नाही. मित्र हसले. हसण्यात सुटका झाल्याचा भाग मोठा होता, कारण आता कुणालाच तो मासा खावा लागणार नव्हता. बाहेरून जेवण मागवलं गेलं.

पुढच्या आठवड्यात हाच किस्सा मेव्हण्यांनी दुसऱ्या पाहुण्यांना सांगितला तेव्हा त्यातून पिशवी आणि ऊन गेलं होतं. वर्षभरात मासाच गेला. उरली ती फक्त स्वतःच्या हातचं खाऊन ओकणारी नवरी. भाचा लहानाचा मोठा झाला तो हे ऐकत. धाकट्यानेही ते इतक्यांदा ऐकलं होतं की आपल्याला आठवतं तेच खरं की नाही, अशी शंका त्याला अधूनमधून येई. पण बोटाचा तो खड्डा कुणी कल्पनेने रचत नाही.

तो उरलेले शब्द भरत गेला. त्या तीन चौकटी त्याने रिकाम्या ठेवल्या. 'परीक्षा' आडवी येऊन शेवटच्या चौकटीतून जात असल्याने त्यातली एक आपोआप भरली होती. 'री' तिथे एकटीच बसली होती, निर्लज्जासारखी.

"काय रे किडोबा, अडलं?" मेव्हणे म्हणाले.

धाकट्याने घसा साफ केला. आडवळणाने जायचं त्याने ठरवलं होतं. हे सगळं घरातल्या माणसालाच सुटणारं आहे, तो म्हणाला, बाहेरच्या माणसाला यातला एकही शब्द सुटणार नाही, आणि बाहेरच्याला सुटत नाही ते कोडंच नव्हे हे मेव्हण्यांचंच तर मत. त्याने टिंबं दाखवली. मुद्दा पक्का होता, निदान त्याला तसं वाटत होतं.

मेव्हणे प्रसन्नपणे हसले. बाहेरचं येतंय कोण, त्यांनी विचारलं. हॉलमधल्या एकूण एक माणसाने हे किस्से शंभरदा ऐकलेत. पोरंसोरंसुद्धा उत्तरं ओरडतील. उलट असं सोपं कोडं आपल्या हातून आजवर झालं नाही.

ते खरं होतं. तेच धाकट्याला सर्वांत किळसवाणं वाटलं. हॉलभर माणसं, सगळी आतली, सगळ्यांना उत्तर पाठ.

मग निदान तेवढं एक तरी काढा, असं तो म्हणाला.

"ओकारी काढू?" मेव्हण्यांनी कागद आपल्याकडे ओढला आणि जीभ लावून ओल्या केलेल्या बोटाने चौकटींवर रेघ ओढली. कागदावर ओला पट्टा उमटला. "ओकारी काढली की परीक्षा पडते. परीक्षा पडली की पसारा गेला. पसाऱ्याबरोबर हा अख्खा कोपरा. परवा कार्यक्रम आहे आणि मी आता कोपरा रचत बसू? चल, लिही."

"मला नाही सुटलं."

"तुला? बादली घेऊन कोण पळत आलं होतं, तुझा बाप?"

धाकट्याने पेन्सिल मेजावर ठेवली. ती घरंगळत खोडरबराच्या चुऱ्यात जाऊन थांबली.

"भावोजी, वाक्य चुकलंय," तो म्हणाला. "वाढला होता तो मासा. तो तुम्ही आणला होता. आणि ती आधीच म्हणाली होती, नासलाय म्हणून."

मेव्हण्यांनी बशी पुढे ओढली, काठावरची साय नखाने खरवडली, बोटाच्या टोकावर घेऊन न्याहाळली आणि खाल्ली.

"माझ्या घरात शिकलास," ते शेवटी म्हणाले. "तीन वर्षं जेवलास माझ्या ताटाला ताट लावून."

"जेवलो. तो मासा सोडून सगळं."

हे आपणच बोललो यावर धाकट्याचा विश्वास बसेना. आता काहीतरी फेकून मारतील असं त्याला वाटलं, पण मेव्हण्यांनी फक्त मोठ्याने भाच्याला हाक मारली.

भाचा आला तो फोनवर हॉलवाल्याशी खुर्च्यांची घासाघीस करत. मोकळ्या मनाचा, गोलमटोल, सगळ्यांना हवाहवासा माणूस. बापाने कागद त्याच्यापुढे धरला आणि डावा कोपरा दाखवला. त्याने फोन कानाला तसाच ठेवून वाक्य वाचलं आणि तो खो खो हसला. ओकारी, आईचा तो किस्सा, असं म्हणून त्याने उरलेली दोन अक्षरं भरली आणि मेव्हण्यांनी बोट ठेवलं त्या जागी 'सुटलं' असं लिहून टाकलं. धाकट्याचा चेहरा पाहून त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी उगाच मनाला लावून घेऊ नये, आईलाच विचारावं, आईसुद्धा दर वेळी हसते, असं म्हणून तो खुर्च्यांकडे परतला.

धाकटा स्वयंपाकघरात गेला. ताई मटार सोलत बसली होती. तिने वर पाहिलं.

"आहे," तो म्हणाला. "डावीकडे खाली. मी नाही म्हटलं, पण त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं."

"आणि अक्षरं मीच भरायची."

"हो."

ताईने एक शेंग उघडली. आत अळी होती. ती तिने शेंगेसकट दूर टाकली आणि पुढची घेतली.

"तुझा मुलगा म्हणतो तू हसतेस," धाकटा म्हणाला.

"हसते ना. तोंड मिटून बसले तर चव येते." तिने दाणे भांड्यात सोडले. "अजून येते बाळ. हे ते सांगायला लागले की जिभेच्या मागे येते, तश्शीच. मी मग पाणी पिते. लोकांना वाटतं उचकी थांबवतेय."

धाकट्याच्या वाचनात असल्या प्रसंगी बोलायची पुष्कळ वाक्यं येऊन गेली होती, पण त्यातलं एकही त्याला तिच्यापुढे ठेवण्यासारखं वाटलं नाही. तो तिच्याशेजारी पाटावर बसला आणि मटार सोलू लागला. शेंगा संपत आल्या तेव्हा ताईनेच विचारलं की परवा सकाळी तुझ्याकडे आले तर चालेल का. तो चालेल म्हणाला. घर आवरलेलं नाही, असंही म्हणाला. ती म्हणाली, ते मला माहितेय.

कार्यक्रमाच्या सकाळी ती आली ती रोजच्याच कपड्यांत, हातात काही नाही. धाकट्याने खुर्चीवरची पुस्तकं उचलून पलंगावर ठेवली, पलंगावरची खिडकीत ठेवली, आणि तिला बसवलं. फोन वाजत राहिला. दोघांनीही तो घेतला नाही. चहा केला, तो धाकट्याने केला आणि वाईट झाला, पण ताईने दोन वेळा घेतला.

मग जिन्यात पावलं वाजली आणि दार ठोठावलं गेलं.

मेव्हणे नटून आले होते. केस चापूनचोपून बसवलेले, अंगावर अत्तर इतकं की बोळातली हवा गोड आणि जड झाली. मागे भाचा, घामाघूम. धाकट्याने दार उघडलं, पण उंबरठ्यातून तो बाजूला झाला नाही. आपण दार अडवून उभे आहोत हे त्याला जरा उशिराच कळलं. कळल्यावरही तो तिथेच राहिला.

मेव्हण्यांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. हॉल भरलाय, लोक खोळंबलेत, हा काय तमाशा, असं ते म्हणाले. आवाज गोडच होता. शेजारच्यांची दारं उघडी होती. भाचाही म्हणू लागला की आई, तब्येत बरी नाही का, गाडी खालीच उभी आहे, पाच मिनिटं ये आणि मग परत सोडतो.

"येते की," ताई आतून म्हणाली. ती उठली नाही. "तो मासा कुणी आणला होता, तेवढं सांगा आणि चला."

"कुठला मासा?" भाचा म्हणाला.

मेव्हण्यांनी मागे वळून मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू होतं, पण ते कुठे टेकवावं ते त्यांना कळत नव्हतं. इतक्या वर्षांपूर्वीचं आता कुणाला आठवतंय, असं ते म्हणाले.

"मला," ताई म्हणाली. "उचकी नाही, काही नाही, बघा. स्वच्छ आठवतंय."

मेव्हण्यांनी मग धाकट्याकडे पाहिलं. किडोबा, समजाव तिला, असं म्हणून ते थांबले. आजवर एवढं पुरत आलं होतं. आपलं चुकत असेल का, असं धाकट्याच्या मनात आलंच, सवयीने आलं. त्याने अत्तराचा तो गोड वास नाकात घेतला आणि त्याला मळमळलं. पण तो बाजूला झाला नाही.

"बरं," मेव्हणे म्हणाले. "मी भरतो चौकटी. लोकांना काय सांगायचं ते मी सांगीन." आणि ते जिना उतरू लागले. थोडं खाली गेल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली. मुलगा जागचा हलला नाही.

"मामा, कुठला मासा?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं.

"तिथे उंबऱ्यात काय उभा राहतोस," ताई मुलाला म्हणाली. "आत ये. ती पुस्तकं सरकव आणि बस. आणि मधे हसू नकोस, मला शेवटपर्यंत सांगायचंय."

भाचा येऊन पलंगाच्या कडेवर बसला. ताईने पिशवीपासून सुरुवात केली. सायकलचा दांडा, ऊन, आत गेलेले डोळे. कल्ल्यांचा रंग सांगताना तिने खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीच्या गंजलेल्या कडीकडे बोट दाखवलं, असा. मग तिने मुलाचा हात हातात घेतला, तो उपडा केला आणि मनगटाच्या वर बोट दाबून तो खड्डा कसा राहिला होता ते दाखवलं. ते म्हणाले आधी तू खा, ती म्हणाली. खाल्ल्यावर तोंडात काय आलं तेही तिने सांगितलं, एकही शब्द न गाळता. खाली गाडीचा हॉर्न वाजू लागला होता.

भाच्याने हात ओढून घेतला. त्याचा तो गोल, हसरा चेहरा तोंडात काहीतरी भलतंच आल्यासारखा आकसला.

"शी," तो म्हणाला. "आई, शी."

"थांब," ताई म्हणाली. "अजून दुसरा तुकडा राहिलाय."